स्वतःचे घर बांधताना करसवलतींचा योग्य वापर: पहिल्यांदा बांधकाम करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

तालुक्याच्या गावी किंवा शहराच्या कडेला भूखंड घेऊन स्वतःचे घर बांधणाऱ्या कुटुंबाला सिमेंट, सळई आणि मजुरीचे दर तोंडपाठ झालेले असतात. त्याच घराच्या खर्चातून कराच्या रूपाने किती रक्कम जाते आणि त्यातली किती कायदेशीर मार्गाने वाचवता येते, हा हिशेब मात्र बहुतेक घरांत वास्तुशांतीनंतर, कर सल्लागारासमोर बसल्यावर सुरू होतो. तोपर्यंत बराच उशीर झालेला असतो, कारण घरबांधणीवरच्या जवळजवळ प्रत्येक सवलतीचा निर्णय एखाद्या कागदावरच्या नावाने, एखाद्या तारखेने किंवा ठेकेदाराशी केलेल्या कराराच्या स्वरूपाने आधीच लागून गेलेला असतो. म्हणून हा लेख बांधकामाच्या क्रमानेच मांडला आहे. ज्या टप्प्यावर निर्णय घ्यायचा, त्याच टप्प्यावर त्याची करविषयक बाजू सांगितली आहे.

कलमांच्या क्रमांकांबद्दल एक खुलासा आधीच करतो. आयकर अधिनियम, २०२५ च्या अंमलबजावणीची तारीख १ एप्रिल २०२६ ही असून त्यात कलमांचे क्रमांक बदललेले आहेत. उदाहरणार्थ, बचत आणि गृहकर्जाच्या मुद्दलावरील वजावटीचे जुने कलम ८०सी तिथे १२३ आहे. बँकांत, कार्यालयांत आणि सल्लागारांच्या बोलण्यात जुनेच क्रमांक रुळलेले असल्याने येथे तेच वापरले आहेत.

पायरी १ : भूखंड आणि कर्ज कोणाच्या नावावर, हे आधी ठरवा

आयकरातील गृहकर्जाची सवलत घराच्या मालकाला मिळते, आणि तीही तो स्वतः कर्जदार असेल तरच. आपल्याकडे नेहमी आढळणारी परिस्थिती अशी की जमीन वडिलांच्या नावावर असते, कर्जाचे हप्ते नोकरी करणारा मुलगा भरतो आणि सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर मुलाचे नाव कुठेच नसते. अशा मुलाने व्याजाची वजावट मागितल्यास ती नाकारली जाण्याचा धोका खरा आहे. त्यामुळे कर्जाचा अर्ज करण्यापूर्वीच मालकीच्या कागदावर हप्ते भरणाऱ्याचे नाव आणून घ्यावे.

महाराष्ट्रात वडिलांनी किंवा आईने राहती मालमत्ता अथवा शेतजमीन मुलाला, मुलीला, पती-पत्नीने एकमेकांना किंवा नातवंडांना बक्षीसपत्राने दिल्यास मुद्रांक शुल्क केवळ २०० रुपये आहे, मात्र स्थानिक अधिभार त्याहून वेगळा लागू शकतो. रिकामा बिनशेती भूखंड या सवलतीत धरला जाईल का, हे दस्त तयार करण्यापूर्वी दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्यावे. जवळच्या नातेवाइकाकडून मिळालेल्या अशा बक्षिसावर घेणाऱ्याला आयकर लागत नाही.

पती-पत्नी दोघेही कमावते असतील, तर दोघांनीही मालक आणि सहकर्जदार व्हावे असे माझे स्पष्ट मत आहे. वजावटीची मर्यादा घरामागे नसून प्रत्येक सहमालकामागे असते, म्हणजेच व्याजासाठी दोघांना प्रत्येकी २ लाख आणि मुद्दलासाठी प्रत्येकी १.५ लाख रुपये. त्यासाठी मालकीतील हिस्सा दस्तात स्पष्ट लिहिलेला असावा आणि हप्ते प्रत्यक्षात दोघांच्या उत्पन्नातून जावेत.

याच टप्प्यावर महिलांसाठीच्या मुद्रांक सवलतीचा विचारही करावा लागतो, आणि तिथे चित्र उलटे आहे. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात महिलेच्या नावावर निवासी सदनिका, रो-हाऊस किंवा बंगला खरेदी केल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट मिळते. खरेदीदार एकटी महिला किंवा सर्व खरेदीदार महिलाच असणे आवश्यक असल्यामुळे पती-पत्नीच्या संयुक्त नावाला ती मिळत नाही. ही सूट तयार निवासी मालमत्तेसाठी आहे, त्यामुळे केवळ भूखंड घेणाऱ्यांनी ती गृहीत धरू नये. ५० लाखांच्या बंगल्यावर १ टक्का म्हणजे एकदाच वाचणारे ५०,००० रुपये, तर सहमालकीमुळे वाढणारी वजावट कर्ज संपेपर्यंत दरवर्षी चालते. या दोहोंतले आपल्याला काय फायद्याचे, याचे उत्तर पुढच्या पायरीवर अवलंबून आहे.

भूखंडाची किंमत ५० लाख किंवा अधिक असेल, तर खरेदीदाराने विक्रेत्याच्या रकमेतून १ टक्का कर कापून सरकारकडे भरायचा असतो, हेही येथेच लक्षात ठेवावे.

पायरी २ : जुनी करप्रणाली की नवी, हा हिशेब प्रत्यक्ष आकड्यांनी करा

गृहकर्ज घेतले की आयकर वाचतो, ही समजूत एका पिढीने आपल्या अनुभवातून मिळवलेली आहे आणि त्यांच्या काळात ती खरीही होती. आज ती तपासल्याशिवाय स्वीकारू नये. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून नवी करप्रणाली ही आपोआप लागू होणारी प्रणाली आहे. तीत स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जावरील व्याजाची वजावट मिळत नाही आणि ८०सीखालील मुद्दलाचीही मिळत नाही. त्याच वेळी २०२५-२६ पासून या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर, आणि पगारदाराच्या बाबतीत पगारातून सरसकट मिळणाऱ्या प्रमाणित वजावटीसह १२.७५ लाखांपर्यंत, कलम ८७ए च्या सवलतीमुळे कर शून्य होतो.

वर्षाला १५ लाख रुपये पगार असलेल्या व्यक्तीचे उदाहरण घेऊ. जुन्या प्रणालीत ५०,००० प्रमाणित वजावट, २ लाख व्याज आणि ८०सीचे पूर्ण १.५ लाख वजा केल्यावर करपात्र उत्पन्न ११ लाख उरते आणि उपकरासह कर १,४८,२०० रुपये होतो. नव्या प्रणालीत केवळ ७५,००० प्रमाणित वजावट मिळून करपात्र उत्पन्न १४.२५ लाख राहते, तरीही उपकरासह कर ९७,५०० रुपयेच होतो. म्हणजे गृहकर्जाची सवलत पूर्ण वापरूनही जुनी प्रणाली ५०,७०० रुपयांनी महाग पडते. घरभाडे भत्ता, आरोग्य विमा आणि निवृत्तिवेतन योजना यांच्या मोठ्या वजावटी सोबत असतील तर हे गणित फिरू शकते, म्हणून प्रत्येकाने आपले आकडे आयकर विभागाच्या संकेतस्थळावरील गणकयंत्रात घालून पाहावेत.

या उदाहरणाचा अर्थ असा की मध्यम उत्पन्नाच्या मोठ्या वर्गासाठी ‘कर वाचवायला कर्ज घ्या’ हा सल्ला आता कालबाह्य झाला आहे. व्याजावरील २ लाखांची मर्यादा २०१४ सालच्या अर्थसंकल्पात ठरली आणि त्यानंतर बांधकामाचा खर्च कितीतरी वाढूनही ती तिथेच आहे. कर्ज घराच्या गरजेपुरते घ्यावे. वजावट मिळते म्हणून त्याची रक्कम वाढवू नये.

पगारदार व्यक्तीला प्रणाली दरवर्षी बदलता येते. मात्र जुनी प्रणाली निवडायची असेल तर विवरणपत्र मुदतीतच भरावे लागते, कारण उशिरा भरलेल्या विवरणपत्रात तो पर्याय उरत नाही. व्यवसायाचे उत्पन्न असणाऱ्यांना अशी दरवर्षी अदलाबदल करता येत नाही. परदेशात राहणाऱ्या आणि गावी घर बांधणाऱ्या अनिवासी मराठी कुटुंबांनी हे ध्यानात घ्यावे की ८७ए ची सवलत निवासी व्यक्तींसाठीच आहे.

पायरी ३ : जुनी मालमत्ता विकून घर बांधत असाल, तर आधी हे वाचा

माझ्या मते घर बांधणाऱ्या सर्वसामान्य कुटुंबासाठी आज सर्वांत मौल्यवान सवलत भांडवली नफ्यावरची, म्हणजे मालमत्ता विकून होणाऱ्या नफ्यावरची आहे. ती दोन्ही करप्रणालींत मिळते, तिची रक्कम मोठी असते आणि तरीही तिच्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते.

राहते घर विकून दुसरे बांधणाऱ्यासाठी कलम ५४ आहे. भूखंड, सोने, समभाग किंवा अन्य दीर्घकालीन मालमत्ता विकून घर बांधणाऱ्यासाठी कलम ५४एफ आहे. दोन्हींत विक्रीच्या तारखेपासून ३ वर्षांच्या आत घर बांधून पूर्ण करावे लागते. तयार घर घ्यायचे असेल तर विक्रीच्या आधीचे १ वर्ष किंवा नंतरची २ वर्षे एवढी मुदत असते. मोठा फरक गुंतवायच्या रकमेत आहे. कलम ५४ मध्ये केवळ नफ्याएवढी रक्कम नव्या घरात घातली तरी पुरते, पण ५४एफ मध्ये विक्रीची संपूर्ण निव्वळ रक्कम घालावी लागते आणि कमी घातल्यास सवलत त्याच प्रमाणात घटते.

समजा, १० लाखांना घेतलेला भूखंड ५० लाखांना विकला. नफा ४० लाख झाला. पूर्ण ५० लाख घरबांधणीत गेले तर त्या नफ्यावर कर नाही. मात्र ३० लाखच गेले, तर ४० लाखांपैकी ५० भागांतील ३० भाग, म्हणजे २४ लाख करमुक्त होतात आणि उरलेल्या १६ लाखांवर १२.५ टक्के दराने २ लाख, उपकर धरून २,०८,००० रुपये भरावे लागतात. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या जमिनीसाठी किंवा इमारतीसाठी निवासी व्यक्तीला महागाई निर्देशांक लावून २० टक्के दराचा हिशेबही करता येतो. दोन्ही करून पाहावेत आणि कमी येणारा स्वीकारावा.

१२ लाखांपर्यंत कर नाही या वाक्यावर विसंबून अनेकजण येथे फसतात. नव्या प्रणालीतील ती सवलत विशेष दराने आकारल्या जाणाऱ्या अशा भांडवली नफ्याला लागू होत नाही, त्यामुळे ८ लाख पगार असलेल्यालाही भूखंडाच्या नफ्यावर कर भरावाच लागतो.

५४एफ च्या अटी नीट वाचाव्यात. विक्रीच्या दिवशी आपल्या नावावर, नव्या घराखेरीज, एकाहून अधिक राहती घरे नसावीत. गावच्या वडिलोपार्जित घरात मालकीहक्काने नाव असेल आणि शहरात सदनिकाही असेल, तर प्रश्न उभा राहतो, आणि तो विक्रीपूर्वीच सल्लागारासमोर मांडावा. नवे घर ३ वर्षांच्या आत विकता येत नाही. भूखंड घेऊन त्यावर घर बांधल्यास भूखंडाची किंमतही घराच्या खर्चात धरली जाते, हे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १९९३ सालच्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे. अट एवढीच की त्यावर मुदतीत घर उभे राहिले पाहिजे, नुसते कुंपण घालून चालत नाही.

बांधकामाला वेळ लागणारच असतो, म्हणून विक्रीची जी रक्कम विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत, सामान्यतः ३१ जुलैपर्यंत, खर्च झालेली नसेल, ती ‘भांडवली नफा खाते योजना, १९८८’ या योजनेतील खात्यात ठेवावी लागते. साध्या बचत खात्यात किंवा नेहमीच्या मुदत ठेवीत ठेवलेली रक्कम चालत नाही, आणि केवळ या एका चुकीपायी पात्र माणसाची सवलत जाऊ शकते. हे खाते बँकांच्या ग्रामीण शाखांत उघडता येत नाही, त्यामुळे खेड्यातील कुटुंबाने जिल्ह्याच्या किंवा मोठ्या शहरातील शाखेत आधीच चौकशी करावी. जुलैच्या शेवटच्या आठवड्यावर हे काम ढकलू नये.

विकलेली मालमत्ता शेतजमीन असेल तर आधी ती कुठे आहे ते पाहावे. नगरपालिका किंवा महापालिकेच्या हद्दीबाहेर, लोकसंख्येनुसार सरळ रेषेत २, ६ किंवा ८ किलोमीटरच्या पलीकडे असलेली ग्रामीण शेतजमीन ही भांडवली मालमत्ताच मानली जात नाही. तिच्या विक्रीवर हा कर लागत नाही आणि त्यासाठी ५४एफ ची धावपळही करावी लागत नाही. अशा वेळी तलाठ्याचा सातबारा आणि हद्दीपासूनच्या अंतराचा दाखला जपून ठेवावा.

पायरी ४ : ठेकेदाराशी कराराचे स्वरूप ठरवा

घरबांधणीतील वस्तू व सेवा कराचा भार करार कसा केला यावर बराच बदलतो. नोंदणीकृत ठेकेदाराला साहित्यासह संपूर्ण काम दिल्यास ते बांधकाम-करार मानले जाऊन त्यावर १८ टक्के कर लागतो. साहित्य आपण स्वतः विकत घेतले आणि ठेकेदाराला फक्त मजुरीचा ठेका दिला, तर एकट्या निवासी घराच्या नव्या बांधकामासाठीच्या निव्वळ मजुरी-सेवेला हा कर पूर्णपणे माफ आहे. गवंडीकाम, सेंट्रिंग, प्लास्टर, फरशी, नळजोडणी अशा कामांची मजुरी मिळून १० लाख होणार असेल, तर केवळ त्या भागावर १.८० लाख रुपये वाचतात.

या सूटीच्या चौकटी काटेकोर आहेत. घर एका कुटुंबासाठीचे स्वतंत्र घर असावे, गृहसंकुलाचा भाग नसावे आणि काम नव्या बांधकामाचे असावे. डागडुजी, रंगरंगोटी किंवा जुन्या घराची दुरुस्ती तीत बसत नाही. तळमजल्यावर स्वतः राहून वर भाडेकरूसाठी वेगळ्या स्वयंपाकघराचे स्वतंत्र घर काढणार असाल, तर ही सूट मिळेलच असे धरून चालू नये. करारात ‘फक्त मजुरी, साहित्य मालकाचे’ असे स्पष्ट लिहावे आणि साहित्याची सर्व बिले मालकाच्या नावाने घ्यावीत. करार मजुरीचा असला तरी सिमेंटची बिले ठेकेदाराच्या नावाने निघाली, तर तो मजुरीचाच होता हे नंतर पटवून देणे कठीण जाते.

मजुरीच्या ठेक्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. त्यात साहित्याची खरेदी, मोजमाप, नासधूस आणि पहारा हे सगळे मालकाच्या अंगावर येते. रोज जागेवर जाणे ज्यांना शक्य नाही त्यांनी वाचणारा कर आणि होऊ शकणारी गळती यांची तुलना करूनच निर्णय घ्यावा. साहित्यासह काम देणाऱ्यांनी ठेकेदाराला साहित्यावर भरलेला कर आपल्या देय करातून वळता करता येतो हे लक्षात ठेवून मूळ दर त्यानुसार कमी मागावा.

साहित्यावरील करातही अलीकडे फरक पडला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरील दर २८ वरून १८ टक्के झाला. करापूर्वी ३०० रुपयांचे पोते आधी ३८४ रुपयांना पडत होते, ते आता ३५४ रुपयांना पडायला हवे. १,००० चौरस फुटांच्या घराला ढोबळमानाने ४०० पोती लागतात असे धरले तर ही बचत सुमारे १२,००० रुपये होते. विक्रेत्याकडून पक्के बिल घेऊन मूळ किंमत आणि कर हे वेगवेगळे लिहून घ्यावेत, म्हणजे कमी झालेला दर आपल्यापर्यंत पोहोचला का हे समजते. सळईवर १८ टक्के आणि वाळूवर ५ टक्के कर आहे. बिलाशिवाय स्वस्तात देऊ करणाऱ्याकडे वळू नये, कारण पुढे घर विकताना खर्चाचा पुरावा म्हणून हीच बिले उपयोगी पडतात.

स्वतः न बांधता बांधकाम चालू असलेल्या इमारतीत सदनिका घेणाऱ्यांसाठी नियम वेगळा आहे. १ एप्रिल २०१९ पासून परवडणाऱ्या घरावर १ टक्का आणि अन्य घरांवर ५ टक्के कर लागतो. परवडणारे घर म्हणजे किंमत ४५ लाखांपर्यंत आणि चटई क्षेत्र (घराच्या आतले वापराचे क्षेत्र) महानगरांत ६० चौरस मीटर, इतरत्र ९० चौरस मीटरपर्यंत. या व्याख्येत संपूर्ण मुंबई महानगर प्रदेश महानगर आहे, पुणे नाही. ४५ लाखांत वाहनतळ आणि पसंतीच्या जागेचे शुल्कही मोजले जाते. म्हणून ४४ लाखांच्या घरावर ४४,००० रुपये आणि ४६ लाखांच्या घरावर २,३०,००० रुपये असा फरक एखाद्या वाहनतळाने पडू शकतो. ही ४५ लाखांची रेघ २०१९ पासून तशीच असल्यामुळे मुंबईच्या आसपास तिच्या खालचे घर शोधणे दुर्मीळ होत चालले आहे, आणि ती वाढवली जावी ही मागणी मला रास्त वाटते. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर विकल्या जाणाऱ्या घरावर हा कर नाही.

पायरी ५ : कर्ज उचलल्याची तारीख आणि घर पूर्ण झाल्याची तारीख सांभाळा

ही पायरी जुन्या करप्रणालीत राहणाऱ्यांसाठी आहे. ज्या आर्थिक वर्षात कर्ज घेतले, ते वर्ष संपल्यापासून ५ वर्षांच्या आत घर पूर्ण झाले तरच व्याजाची २ लाखांची वजावट मिळते, नाहीतर ती ३०,००० रुपयांवर येते. जून २०२३ मध्ये कर्ज घेतले असेल, तर ही मुदत ३१ मार्च २०२९ रोजी संपते. पैसा संपून काम थांबलेल्या कुटुंबाने ही तारीख भिंतीवर लिहून ठेवावी आणि उरलेले काम तिच्याआधी उरकण्याच्या बेताने पुढची आखणी करावी.

बांधकाम चालू असताना भरलेल्या व्याजाची वजावट त्या वर्षांत मिळत नाही, पण ते वायाही जात नाही. घर ज्या वर्षी पूर्ण होते त्याच्या आधीच्या ३१ मार्चपर्यंतचे सर्व व्याज एकत्र करून त्याचे पाच समान भाग करायचे, आणि पूर्णत्वाच्या वर्षापासून दरवर्षी एक भाग चालू व्याजात मिळवायचा. वरील कर्जदाराचे घर डिसेंबर २०२५ मध्ये पूर्ण झाले आणि ३१ मार्च २०२५ पर्यंत ३ लाख व्याज गेले असेल, तर २०२५-२६ ते २०२९-३० अशी पाच वर्षे प्रत्येकी ६०,००० रुपये मिळतात. चालू वर्षाचे व्याज १.७० लाख असल्यास बेरीज २.३० लाख होते, पण एकट्या मालकाला २ लाखांपुढचे ३०,००० सोडून द्यावे लागतात. तेच घर पती-पत्नीच्या निम्म्या-निम्म्या मालकीचे असते, तर प्रत्येकी १.१५ लाखांप्रमाणे सगळे व्याज वजा झाले असते. पहिल्या पायरीवरचा नावाचा निर्णय येथे रुपयांत दिसतो.

मुद्दलाची ८०सीखालील वजावट घर पूर्ण झाल्यावरच सुरू होते आणि ती बँक, गृहवित्त संस्था किंवा अन्य विहित संस्थांच्या कर्जालाच मिळते. नातेवाइकाकडून किंवा मित्राकडून कर्ज घेतले असेल तर व्याजाची वजावट त्याच्या लेखी दाखल्यावर मागता येते, मुद्दलाची मात्र नाही. म्हणून अशा उसनवारीचाही करार करावा, रक्कम बँकेतूनच घ्यावी आणि व्याजही बँकेतूनच द्यावे.

याआधी १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२२ या काळात मंजूर झालेल्या आणि अटींत बसणाऱ्या कर्जांना कलम ८०ईईए खाली व्याजाची आणखी १.५ लाखांपर्यंतची वजावट होती. ज्यांचे कर्ज त्या काळातले आहे ते जुन्या प्रणालीत आजही ती मागू शकतात, पण नव्या कर्जाला ती नाही.

पायरी ६ : घराचा भाग भाड्याने देणार असाल तर

येथे नवी प्रणालीही मदत करते. भाड्याने दिलेल्या भागाचे भाडे हे उत्पन्न असते. त्यातून भरलेली घरपट्टी वजा होते, उरलेल्या रकमेच्या ३० टक्के सरसकट वजावट मिळते आणि त्या भागावर पडणारे कर्जाचे व्याजही वजा करता येते. महिना १२,००० भाडे असल्यास वर्षाचे १,४४,००० होतात, ३० टक्के म्हणजे ४३,२०० वजा जाऊन १,००,८०० उरतात, आणि त्या भागाचे व्याज तेवढे असेल तर भाड्यावर काहीच कर लागत नाही. व्याज त्याहून जास्त असेल तर नव्या प्रणालीत तो तोटा पगारातून वजा करता येत नाही, जुन्या प्रणालीत २ लाखांपर्यंत येतो. दोन्ही मजल्यांचे क्षेत्रफळ मंजूर नकाशावर स्पष्ट असेल तर व्याजाची विभागणी करायला पक्का आधार मिळतो.

पायरी ७ : ज्यांना आयकरच लागत नाही, त्यांनी अनुदानाकडे वळावे

वजावट ही कर भरणाऱ्यालाच उपयोगाची असते. दुसऱ्यांची घरे बांधणाऱ्या गवंड्याला स्वतःचे घर बांधताना व्याजाच्या वजावटीच्या कलम २४ चा काडीचाही उपयोग होत नाही, आणि सवलतींच्या या रचनेतील ही खरी उणीव आहे. अशा कुटुंबांसाठी प्रधानमंत्री आवास योजना आहे. १ सप्टेंबर २०२४ पासूनच्या शहरी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्या, वार्षिक ३ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या कुटुंबांना अनुदान मिळते. कर्ज घेणाऱ्या ९ लाखांपर्यंतच्या कुटुंबांना ३५ लाखांपर्यंतच्या घरासाठी, २५ लाखांपर्यंतच्या कर्जातील पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के व्याज-अनुदान मिळते. त्याची कमाल रक्कम १.८० लाख असून ती पाच वार्षिक हप्त्यांत जमा होते. देशात कुठेही कुटुंबातील कोणाच्या नावावर पक्के घर नसावे, ही अट आहे. ग्रामीण भागातील अर्ज ग्रामपंचायतीमार्फत होतात. या योजनेतील लाभार्थ्याने स्वतः बांधायच्या घराच्या निव्वळ मजुरी-कंत्राटालाही वस्तू व सेवा कर माफ आहे.

पायरी ८ : पूर्णत्वाचा दाखला आणि घरपट्टी

घर बांधून झाले की पूर्णत्वाचा किंवा भोगवटा दाखला लगेच घ्यावा. व्याजाची वजावट, ५४एफ ची ३ वर्षांची मुदत आणि घरपट्टीची आकारणी या सर्वांना तारखेचा पुरावा म्हणून तोच लागतो. वीजजोडणीचे पहिले बिल हा त्याला पूरक पुरावा आहे, पर्याय नव्हे.

घरपट्टीची सवलत स्थानिक संस्थेनुसार बदलते. मुंबई महापालिकेच्या हद्दीत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. पुणे महापालिकेत स्वतः राहणाऱ्या मालकाला ४० टक्के सवलत आहे, पण ती आपोआप लागत नाही, त्यासाठी पीटी-३ हा अर्ज भरावा लागतो. सौरऊर्जा किंवा पर्जन्यजल संधारणाची सोय केल्यास काही महापालिका आणखी सूट देतात. नव्या घराचे पहिले आकारणी-पत्र आले की वापराचा प्रकार ‘स्वतःचा निवास’ असा नोंदला आहे का आणि मोजमाप बरोबर आहे का, हे तपासून हरकत मुदतीत नोंदवावी.

पायरी ९ : विवरणपत्र आणि कागदपत्रांची जपणूक

जुन्या प्रणालीत वजावट मागताना बँकेचे व्याज-मुद्दलाचे प्रमाणपत्र, कर्जखात्याचा क्रमांक, मंजुरीची तारीख आणि शिल्लक रक्कम हाताशी ठेवावी, कारण विवरणपत्रात हा तपशील आता विचारला जातो. पगारदाराने हीच माहिती वर्षाच्या सुरुवातीला कार्यालयात १२बीबी नमुन्यात दिल्यास कर दरमहा कमी कापला जातो आणि हप्त्यासाठी पैसा हातात राहतो.

ताबा घेतलेल्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून ५ वर्षांच्या आत घर विकल्यास, ८०सीखाली घेतलेली मुद्दलाची वजावट विक्रीच्या वर्षी उत्पन्नात परत मिळवली जाते. व्याजाच्या वजावटीला हा नियम नाही. बदली किंवा स्थलांतर होण्याची शक्यता असलेल्यांनी विक्रीचा करार करण्यापूर्वी ही तारीख पाहावी. भूखंडाचा खरेदीदस्त, मंजूर नकाशा, मजुरीचा करार, साहित्याची बिले, ठेकेदाराला दिलेल्या रकमांचे बँक उतारे आणि पूर्णत्वाचा दाखला हे सर्व एका फाइलमध्ये घर आपल्या मालकीचे असेपर्यंत ठेवावे. पुढे आपण किंवा आपल्या मुलांनी ते घर विकले, तर खर्च म्हणून तेवढीच रक्कम मान्य होते जेवढीचा कागद त्या फाइलमध्ये आहे.